जेरुसलेमचे सिरिल

जेरुसलेमचे संत सिरिल (जन्म : इ.स. ३१५ च्या सुमारास; मृत्यू : १८ मार्च ३८६) हे चौथ्या शतकातील जेरुसलेम नगरीचे बिशप, धर्मशिक्षक व ग्रीक भाषेतील ग्रंथकार होते. प्रौढ वयात ख्रिस्ती धर्म स्वीकारू इच्छिणाऱ्यांना बाप्तिस्म्यापूर्वी, म्हणजेच स्नानसंस्कारापूर्वी, द्यावयाच्या शिक्षणासंबंधी त्यांची प्रवचने प्रसिद्ध आहेत. प्राचीन काळातील अशा शिक्षणाचा संपूर्ण अभ्यासक्रम ज्या थोड्या ग्रंथांतून सलग उपलब्ध होतो, त्यांत या प्रवचनांचे स्थान अग्रभागी आहे. बिशपपदाच्या सुमारे पस्तीस वर्षांपैकी जवळजवळ निम्मा काळ त्यांना हद्दपारीत काढावा लागला. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व अँग्लिकन हे तिन्ही ख्रिस्ती पंथ त्यांना संत मानतात. कॅथलिक चर्चने त्यांना ‘चर्चचे आचार्य’ ही पदवी दिली आहे.

पार्श्वभूमी

सिरिल यांच्या बालपणी जेरुसलेमचे स्वरूप झपाट्याने बदलत होते. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने ज्यूंचे मंदिर उद्ध्वस्त केले होते. पुढे सम्राट हेड्रियन यांनी त्या जागी एलिया कॅपिटोलिना नावाची रोमन वसाहत उभारली. तेव्हापासून सुमारे दोन शतके हे गाव राजकीयदृष्ट्या दुय्यम राहिले. सम्राट कॉन्स्टंटाइन यांनी ख्रिस्ती धर्माला राजाश्रय दिल्यावर मात्र येशू ख्रिस्ताच्या मृत्यूच्या व दफनाच्या जागी भव्य वास्तू उभ्या राहू लागल्या. गोलगोथा टेकडीलगतच्या ‘मार्टिरियम’ नावाच्या विशाल प्रार्थनामंदिराचे समर्पण इ.स. ३३५ मध्ये झाले. त्याच्या पश्चिमेस कबरीच्या जागी ‘अनास्तासिस’ म्हणजे पुनरुत्थान-मंदिर होते. या वास्तूंमुळे दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरूंचा ओघ सुरू झाला.

राजाश्रयामुळे ख्रिस्ती होऊ पाहणाऱ्यांची संख्याही वाढली. छळाच्या काळात हा धर्म स्वीकारणे म्हणजे प्राणाशी गाठ होती. त्यामुळे येणाऱ्याचा निर्धार आपोआपच पारखला जाई. आता धर्म स्वीकारण्यात लौकिक लाभही दिसू लागला होता. विवाह जुळावा, धन्याची मर्जी राहावी, मित्राचा आग्रह मोडू नये, अशा कारणांनीही लोक येत. अनेक जण दीक्षार्थी म्हणून नाव लावत आणि बाप्तिस्मा मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलत. अशा संमिश्र समुदायाला श्रद्धेचा अर्थ समजावून देऊन आचरणासाठी तयार करणे, हा त्या काळातील बिशपांपुढचा मोठा प्रश्न होता.

प्रारंभिक जीवन

सिरिल यांचा जन्म बहुधा जेरुसलेममध्ये किंवा त्याच्या परिसरात झाला. त्यांच्या लेखनावरून त्यांना बायबलचे सखोल ज्ञान होते आणि ग्रीक वक्तृत्वाचे चांगले शिक्षण मिळालेले होते, असे दिसते. इ.स. ३३५ च्या सुमारास ते उपयाजक झाले. पुढे सुमारे दहा वर्षांनी बिशप मॅक्सिमस यांनी त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा दिली.

इ.स. ३५० च्या सुमारास सिरिल जेरुसलेमचे बिशप झाले. पॅलेस्टाइन प्रांताचे प्रमुख बिशप, सीझेरियाचे अकेशियस, यांनी त्यांचा अभिषेक केला. अकेशियस हे एरियसवादाकडे झुकलेल्या गटाचे नेते होते. त्यामुळे सिरिल यांच्या निवडीकडे काही समकालीनांनी संशयाने पाहिले. जेरोम यांनी तर या निवडीबद्दल कठोर आरोप नोंदवले आहेत. पुढील घटनांवरून मात्र सिरिल अकेशियस यांच्या गटाचे अनुयायी नव्हते, हे स्पष्ट झाले.

बिशपपदाच्या आरंभी, ७ मे ३५१ रोजी, जेरुसलेमच्या आकाशात गोलगोथापासून जैतुनाच्या डोंगरापर्यंत पसरलेला तेजस्वी क्रूस दिसल्याचे वृत्त सिरिल यांनी सम्राट कॉन्स्टंटियस यांना पत्राने कळवले. हे दृश्य कित्येक तास दिसत होते आणि आबालवृद्धांनी प्रार्थनामंदिराकडे धाव घेतली, असे त्या पत्रात नमूद आहे.

दीक्षार्थींचे शिक्षण

सिरिल यांची धर्मशिक्षणपर प्रवचने इ.स. ३५० च्या सुमारास दिली गेली. मानीपंथाचा उदय सम्राट प्रोबस यांच्या काळात, म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी झाला, असा उल्लेख सहाव्या प्रवचनात येतो. त्यावरून हा काळ ठरवला जातो. सिरिल तेव्हा नुकतेच बिशप झाले असावेत, किंवा बिशपांच्या वतीने शिकवणारे धर्मगुरू असावेत, अशी दोन मते अभ्यासकांत आहेत. ही प्रवचने तरुणपणी रचलेली आहेत, असे जेरोम सांगतात.

त्या काळच्या प्रथेनुसार दीक्षार्थींचे दोन वर्ग असत. पहिल्या वर्गातील लोक प्रार्थनेला येत, शास्त्रवाचन व प्रवचन ऐकत आणि ख्रिस्तयागाचा मुख्य भाग सुरू होण्यापूर्वी बाहेर जात. ईस्टरला बाप्तिस्मा घेण्याचा निश्चय करून ज्यांनी नाव नोंदवले, त्यांचा दुसरा वर्ग होई. त्यांना ग्रीक भाषेत ‘प्रकाश मिळणारे’ या अर्थाची संज्ञा होती. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात या दुसऱ्या वर्गाला जवळजवळ रोज शिक्षण दिले जाई. सिरिल यांची प्रवचने या वर्गासाठी आहेत.

या संग्रहाच्या प्रारंभी एक प्रास्ताविक भाषण आहे. नाव नोंदवून आलेल्यांचे स्वागत करताना सिरिल त्यांच्या हेतूंचा विषय उघडपणे काढतात. एखादा पुरुष स्त्रीला प्रसन्न करण्यासाठी आला असेल, एखादा दास धन्यासाठी, एखादा मित्र मित्रासाठी, हे ते गृहीत धरतात. अशा माणसाला ते परत पाठवत नाहीत. आलेला माणूस कोणत्याही गळाला लागून आलेला असो, तो जाळ्यात आला आहे आणि आता त्याचा हेतू शुद्ध होऊ शकतो, अशी त्यांची भूमिका आहे. मात्र हेतू बदलण्यासाठी चाळीस दिवसांची मुदत आहे, हेही ते बजावतात. मन न बदलता पाण्यात उतरणाऱ्याला पाणी स्वीकारील, पवित्र आत्मा स्वीकारणार नाही, असा या विवेचनाचा आशय आहे. त्यासाठी ते नव्या करारातील जादूगार सिमोनचे उदाहरण देतात.

याच भाषणात शिक्षणाच्या शिस्तीचे नियमही येतात. एकही वर्ग चुकवू नये. कारण हे शिक्षण घर बांधण्यासारखे आहे. दगडावर दगड नीट सांधून चढवला नाही, तर आधीचे श्रम वाया जातात. साध्या प्रवचनातील एखादा मुद्दा निसटला तर तो पुढे भरून काढता येतो. क्रमाने दिलेल्या या शिक्षणातील एक दुवा गळला, तर तो पुन्हा कधी मिळणार, असे ते विचारतात. प्रार्थनाविधीसाठी वाट पाहताना पुरुषांनी पुरुषांत व स्त्रियांनी स्त्रियांत बसावे, रिकाम्या गप्पा मारू नयेत. एकाने उपयुक्त ग्रंथ वाचावा व इतरांनी ऐकावे, असेही ते सांगतात. येथे ऐकलेले बाहेरच्यांना सांगू नये, हा नियम विशेष कडक होता. आजारी माणसाला अवेळी मद्य दिले तर त्याला अपाय होतो आणि वैद्यालाही दोष लागतो. तसेच तयारी नसलेल्याला गूढ गोष्टी सांगण्याचे आहे, अशी उपमा त्यांनी दिली आहे.

प्रवचनांची रचना

प्रास्ताविक भाषणानंतर अठरा प्रवचने येतात. पहिली तीन अनुक्रमे बाप्तिस्म्याचे आमंत्रण, पश्चात्ताप व पापक्षमा आणि बाप्तिस्म्याचा अर्थ या विषयांवर आहेत. म्हणजे सिद्धांतांपूर्वी जीवनातील बदलाचा विचार येतो. चौथ्या प्रवचनात ख्रिस्ती श्रद्धेची मुख्य तत्त्वे थोडक्यात सांगितली आहेत. पाचवे प्रवचन श्रद्धा या विषयाला वाहिलेले असून त्याच्या शेवटी दीक्षार्थींना विश्वासांगीकार शिकवला जाई. तो कागदावर न लिहिता पाठ करून अंतःकरणात कोरावा, अशी सूचना होती. ज्यांना शास्त्र वाचता येत नाही किंवा प्रपंचामुळे वाचायला सवड नाही, त्यांच्यासाठी संपूर्ण शास्त्राचे सार थोड्या ओळींत आणलेले आहे, असे त्याचे प्रयोजन सिरिल सांगतात. मोहरीच्या दाण्यात भावी फांद्या सामावलेल्या असतात, तशी त्या ओळींत जुन्या व नव्या कराराची शिकवण सामावलेली आहे, अशी त्यांची मांडणी आहे.

सहाव्यापासून अठराव्या प्रवचनापर्यंत विश्वासांगीकारातील एकेक कलम घेऊन स्पष्टीकरण केले आहे. देवाचे एकत्व, पिता, सर्वसमर्थता, सृष्टिकर्तृत्व, प्रभू येशू ख्रिस्त, त्याचे देहधारण, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान व स्वर्गारोहण, अंतिम न्याय, पवित्र आत्मा, मृतांचे पुनरुत्थान, चर्च व अनंतकाळचे जीवन असा हा क्रम आहे. पवित्र आत्म्याच्या विषयाला दोन प्रवचने दिली आहेत. अठराव्या प्रवचनात ‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थ उलगडला आहे. चर्च सर्व पृथ्वीवर पसरलेले आहे, आवश्यक ती सर्व शिकवण देते, राजा व प्रजा, विद्वान व अडाणी अशा सर्वांना सामावून घेते आणि सर्व प्रकारच्या पापांवर उपचार करते, म्हणून ते ‘सार्वत्रिक’ होय, असे हे विवेचन आहे.

ईस्टरच्या आधीच्या रात्री बाप्तिस्मा झाल्यावर शिक्षण थांबत नसे. ईस्टरच्या सप्ताहात नवदीक्षितांसाठी पाच गूढार्थबोधक प्रवचने होत. त्यांत सैतानाचा त्याग करताना पश्चिमेकडे व विश्वास प्रकट करताना पूर्वेकडे तोंड का करायचे, पाण्यात तीन वेळा बुडी का घ्यायची, तेलाच्या अभ्यंगाचा अर्थ काय, ख्रिस्तयागातील भाकर व द्राक्षारस म्हणजे काय आणि प्रभूच्या प्रार्थनेतील एकेका विनंतीचा आशय कोणता, हे समजावले आहे. विधी आधी अनुभवायचा आणि त्याचा अर्थ नंतर ऐकायचा, हा क्रम जाणीवपूर्वक ठेवलेला होता. डोळ्यांनी पाहिलेले कानांनी ऐकलेल्यापेक्षा अधिक पटते, असे त्याचे कारण तेथेच दिलेले आहे.

या पाच प्रवचनांच्या लेखकत्वाविषयी मतभेद आहेत. काही हस्तलिखितांत ती सिरिल यांच्यानंतरचे बिशप दुसरे जॉन यांच्या नावावर आढळतात. अनेक अभ्यासक ती सिरिल यांच्या उत्तरायुष्यातील मानतात. काही जण ती जॉन यांची समजतात. दोघांनीही एकाच स्थानिक परंपरेत शिकवले असल्यामुळे जेरुसलेमच्या शिक्षणपद्धतीचा पुरावा म्हणून त्यांचे मूल्य दोन्ही पक्षी कायम राहते.

शिकवण्याची पद्धत

सिरिल यांच्या श्रोत्यांत सुशिक्षित नागरिक होते, तसेच कारागीर, दास व खेडूतही होते. त्यामुळे भाषा साधी व संवादाची आहे. ते श्रोत्याला थेट प्रश्न विचारतात, त्याच्या मनातील शंका स्वतःच बोलून दाखवतात आणि मग उत्तर देतात. सृष्टीतील दाखले विपुल आहेत. एकच पाऊस सर्व जगावर पडतो. तरी तो कमळवर्गातील फुलात पांढरा, गुलाबात लाल आणि वेलीत निराळाच होतो. पवित्र आत्माही एकच असून प्रत्येकाला त्याच्या पात्रतेनुसार वेगळे वरदान देतो, हे ते या दाखल्याने समजावतात. हिवाळ्यात मेल्यासारखी दिसणारी झाडे वसंतात पालवतात, हा दाखला पुनरुत्थानाच्या विवेचनात येतो.

स्थळाचाही त्यांनी शिक्षणासाठी उपयोग केला. प्रवचने गोलगोथालगतच्या मंदिरात होत असत. क्रूसावरील मरणाविषयी बोलताना ते श्रोत्यांचे लक्ष समोर दिसणाऱ्या त्या टेकडीकडे वेधतात. इतरांनी ज्या घटना केवळ ऐकल्या आहेत, त्यांची जागा आपण पाहतो व तिला स्पर्श करतो, याची जाणीव ते जेरुसलेमकरांना करून देतात.

शिक्षकाच्या अधिकाराविषयी त्यांची भूमिका लक्षणीय आहे. श्रद्धेच्या गूढ तत्त्वांविषयी कोणतीही गोष्ट शास्त्राच्या आधाराशिवाय सांगू नये, आणि श्रोत्यांनीही आपण सांगतो म्हणून ती मानू नये. शास्त्रात पुरावा मिळाला तरच स्वीकारावी, असे ते चौथ्या प्रवचनात स्पष्ट करतात. म्हणून त्यांच्या प्रत्येक प्रवचनाला बायबलमधील एका उताऱ्याची जोड आहे. पाचव्या शतकाच्या आरंभीच्या जेरुसलेमची उपासनापद्धती एका आर्मेनियन वाचनसूचीत जतन झाली आहे. तिच्यातील दीक्षार्थींसाठीची वाचने सिरिल यांच्या प्रवचनांतील उताऱ्यांशी मोठ्या प्रमाणात जुळतात. त्यांनी वापरलेला क्रम पुढेही चालू राहिला, हे यावरून दिसते.

या प्रवचनांना मर्यादाही आहेत. ज्यू, मानीपंथीय व इतर मतांच्या लोकांविषयी काही ठिकाणी अत्यंत कठोर भाषा आली आहे. चौथ्या शतकातील वादांची तीव्रता व परमताविषयीची असहिष्णुता त्यांतून दिसते. आधुनिक अभ्यासकांनी ही भाषा टीकेचा विषय केली आहे.

सैद्धांतिक वाद

इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने एरियसचे मत फेटाळले होते. पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, असे एरियसचे म्हणणे होते. परिषदेने पुत्र हा पित्याशी ‘समतत्त्व’ आहे, असे ठरवले. हा शब्द बायबलमध्ये नसल्यामुळे व त्याचा गैरअर्थ होईल या भीतीने पूर्वेकडील अनेक बिशप तो वापरण्यास कचरत होते. पुढील पन्नास वर्षे सम्राट बदलला की चर्चमधील सत्तेचे पारडेही बदलत राहिले.

सिरिल यांच्या प्रवचनांत हा शब्द येत नाही. पुत्र अनादी काळापासून पित्यापासून जन्मलेला खरा देव आहे, असे मात्र ते निःसंदिग्धपणे शिकवतात आणि पुत्राला निर्मित मानणाऱ्या मताला विरोध करतात. नवशिक्यांसमोर वादाचा शब्द न आणता त्याचा आशय शास्त्रवचनांच्या आधारे मांडावा, हा मार्ग त्यांनी पत्करला. त्यामुळे एका गटाला ते एरियसवाद्यांचे मित्र वाटले, तर दुसऱ्या गटाने त्यांना नायसियावादी म्हणून पदच्युत केले.

हद्दपारी

अकेशियस यांच्याशी झालेल्या संघर्षाला अधिकाराचा प्रश्नही कारणीभूत होता. नायसियाच्या सातव्या नियमाने जेरुसलेमच्या बिशपांना विशेष मान दिला होता. त्याच वेळी प्रांतप्रमुख सीझेरियाचा अधिकारही राखला होता. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, यावरून वाद पेटला. अकेशियस यांनी बोलावूनही सिरिल सुमारे दोन वर्षे त्यांच्यासमोर हजर झाले नाहीत. अखेर इ.स. ३५७ मध्ये अकेशियस यांच्या सभेने त्यांना पदावरून काढले.

त्यांच्यावरील आरोपांत एक आरोप चर्चची मालमत्ता विकल्याचा होता. जेरुसलेम परिसरात दुष्काळ पडला असता उपाशी लोक अन्नासाठी बिशपांकडे आले. द्यायला पैसा नव्हता, म्हणून सिरिल यांनी मंदिरातील मौल्यवान वस्तू व पडदे विकून त्यांच्या अन्नाची सोय केली, असे इतिहासकार सोझोमेन सांगतात. पुढे आपण मंदिराला अर्पण केलेले वस्त्र एका नटीच्या अंगावर पाहिल्याचे कोणीतरी सांगितले, आणि या घटनेचा सिरिल यांच्याविरुद्ध उपयोग करण्यात आला. थिओडोरेट यांच्या वृत्तांतात हे वस्त्र सम्राट कॉन्स्टंटाइन यांनी बिशप मॅकेरियस यांना बाप्तिस्म्याच्या विधीत परिधान करण्यासाठी दिलेले होते. दीक्षाविधीचे शाही वस्त्रही भुकेल्यांसाठी विकले गेले, हा या प्रकरणातील विरोधकांचा सर्वांत बोचरा मुद्दा ठरला.

पदच्युत झाल्यावर सिरिल आशिया मायनरमधील टार्सस येथे गेले. तेथील बिशप सिल्व्हेनस यांनी त्यांना आश्रय दिला व शिकवण्याची मुभा दिली. अकेशियस यांनी पत्र पाठवून सिरिल यांना मनाई करण्यास सांगितले. परंतु लोक त्यांच्या शिकवणीने तृप्त होत होते, म्हणून सिल्व्हेनस यांनी तसे केले नाही, अशी नोंद थिओडोरेट यांनी केली आहे. बिशपांचे आसन गेले तरी शिक्षकाचे काम थांबले नव्हते.

इ.स. ३५९ मध्ये सेल्युशिया येथील परिषदेने सिरिल यांना निर्दोष ठरवले. पुढच्याच वर्षी, ३६० मध्ये, अकेशियस यांच्या प्रभावाखाली कॉन्स्टँटिनोपल येथील सभेने त्यांना पुन्हा काढले. ३६१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटियस यांचा मृत्यू झाला. नवे सम्राट ज्युलियन यांनी हद्दपार बिशपांना परतण्याची परवानगी दिली आणि सिरिल जेरुसलेमला आले. ज्युलियन स्वतः ख्रिस्ती धर्म सोडून प्राचीन देवतांच्या उपासनेकडे वळले होते. त्यांनी ३६३ मध्ये ज्यूंचे मंदिर पुन्हा बांधण्याचे काम सुरू करवले. आगीच्या लोळांमुळे ते बंद पडले, असे इतिहासकार अमियानस मार्सेलिनस लिहितात. त्याच वर्षी ज्युलियन पर्शियावरील मोहिमेत मारले गेले.

सम्राट व्हॅलेन्स यांनी पूर्वीच्या राजवटीत हद्दपार झालेल्या बिशपांना पुन्हा घालवून देण्याचे धोरण स्वीकारले. ३६७ च्या सुमारास सिरिल तिसऱ्यांदा जेरुसलेमबाहेर गेले. ही हद्दपारी सर्वांत दीर्घ, सुमारे अकरा वर्षांची ठरली. ऑगस्ट ३७८ मध्ये हेड्रियानोपलच्या लढाईत व्हॅलेन्स यांचा अंत झाला आणि सिरिल यांना कायमचे परतता आले.

अखेरची वर्षे

परतल्यावर सिरिल यांना जेरुसलेमची स्थिती फार बिघडलेली आढळली. समाज गटागटांत विभागला होता. निसाचे ग्रेगरी यांनी या सुमारास जेरुसलेमला भेट दिली. तेथील नैतिक अवनतीचे व परस्परवैराचे उदास चित्र त्यांनी आपल्या पत्रांत रेखाटले आहे.

इ.स. ३८१ मध्ये सम्राट थिओडोसियस यांनी बोलावलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेला सिरिल उपस्थित होते. या परिषदेने नायसियाच्या निर्णयाला पुष्टी दिली आणि पवित्र आत्म्याच्या देवत्वाविषयीची शिकवण स्पष्ट केली. तरुणपणी टाळलेली ‘समतत्त्व’ ही संज्ञा सिरिल यांनी या वेळी मान्य केली. ३८२ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे जमलेल्या बिशपांनी रोमला पाठवलेल्या पत्रात सिरिल यांची नेमणूक नियमानुसार झाल्याचे आणि एरियसवाद्यांशी त्यांनी ठिकठिकाणी झुंज दिल्याचे गौरवाने नमूद केले. ज्यांच्या निष्ठेविषयी तीस वर्षे संशय होता, त्यांना मिळालेला हा जाहीर निर्वाळा होता.

१८ मार्च ३८६ रोजी सिरिल यांचे निधन झाले, असे मानले जाते. त्यांच्यानंतर दुसरे जॉन जेरुसलेमचे बिशप झाले.

इजेरिया यांचा वृत्तांत

सिरिल यांच्या अखेरच्या काळातील जेरुसलेमचे प्रत्यक्ष वर्णन इजेरिया नावाच्या पश्चिमेकडून आलेल्या यात्रेकरू स्त्रीने लिहून ठेवले आहे. तिची यात्रा साधारणपणे ३८१ ते ३८४ या काळातील मानली जाते. तिच्या लॅटिन वृत्तांताचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील अरेझो येथे सापडले. ती बिशपांचे नाव देत नाही. तथापि त्या काळात जेरुसलेमचे बिशप सिरिल होते.

इजेरिया यांच्या वर्णनानुसार, उपवासकाळाच्या आरंभी नावे नोंदवलेल्यांना एकेक करून बिशपांसमोर आणले जाई. त्यांच्याबरोबर त्यांची हमी घेणारे धर्मपिता किंवा धर्ममाता असत. बिशप शेजाऱ्यांना प्रश्न विचारत : हा माणूस आईवडिलांचा मान राखतो का, दारूच्या आहारी गेलेला नाही ना, खोटे तर बोलत नाही ना. उत्तरे समाधानकारक असली, तर बिशप स्वतःच्या हाताने त्याचे नाव लिहीत. दोष आढळला, तर आधी आचरण सुधारून मग येण्यास सांगत. परक्या माणसाला ओळखणारे कोणी नसल्यास त्याला प्रवेश मिळणे अवघड जाई.

त्यानंतर रोज सकाळी शिक्षण होई. मार्टिरियममध्ये बिशपांचे आसन मांडले जाई आणि दीक्षार्थी त्यांच्याभोवती वर्तुळाकार बसत. त्यांचे धर्मपिते व धर्ममाताही उपस्थित असत. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, त्यांपैकी कोणालाही ऐकण्याची मुभा होती. शिक्षण रोज तीन तास चाले. बिशप उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरुवात करून शास्त्राचा आधी शब्दशः आणि मग आध्यात्मिक अर्थ सांगत. पाच आठवड्यांनी विश्वासांगीकार दिला जाई. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात प्रत्येक जण आपल्या धर्मपित्यासह किंवा धर्ममातेसह बिशपांसमोर जाऊन तो म्हणून दाखवी.

भाषेच्या प्रश्नावरही तोडगा होता. बिशपांना सिरियाक येत असले, तरी ते नेहमी ग्रीकमध्येच बोलत. शेजारी उभा असलेला धर्मगुरू त्याचे सिरियाकमध्ये भाषांतर करी. या दोन्ही भाषा न येणाऱ्या लॅटिन भाषकांना ग्रीक व लॅटिन जाणणारे बंधू-भगिनी अर्थ समजावून सांगत. ईस्टरनंतरच्या सप्ताहात अनास्तासिसमध्ये दारे बंद करून गूढार्थ सांगितला जाई. तेव्हा ऐकणाऱ्यांच्या आनंदाचे उद्गार बाहेरपर्यंत ऐकू येत, असे इजेरिया लिहितात.

सिरिल यांनी तीस वर्षांपूर्वी दिलेली प्रवचने आणि इजेरिया यांनी पाहिलेली व्यवस्था यांत तपशिलाचे काही फरक आहेत. विश्वासांगीकार केव्हा दिला जाई, यासंबंधीची माहिती दोन्हींकडे सारखी नाही. मूळ आराखडा मात्र एकच आहे. आचरणाची चौकशी, क्रमवार शिक्षण, पाठांतर, समाजाचा सहभाग आणि बाप्तिस्म्यानंतरचा अर्थबोध हे त्याचे टप्पे होत. दीर्घ हद्दपारीनंतरही ही व्यवस्था बिशपांच्या थेट देखरेखीखाली चालू होती.

प्रभाव

पाचव्या शतकानंतर बालकांचा बाप्तिस्मा सार्वत्रिक झाला आणि प्रौढ दीक्षार्थींची व्यवस्था हळूहळू मागे पडली. सिरिल यांची प्रवचने मात्र ग्रीक हस्तलिखितांतून टिकून राहिली. त्यांचे प्राचीन आर्मेनियन भाषांतरही उपलब्ध आहे. १८३८ मध्ये ऑक्सफर्ड येथे त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. त्याला जॉन हेन्री न्यूमन यांची प्रस्तावना होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोप तेरावे लिओ यांच्या काळात सिरिल यांना ‘चर्चचे आचार्य’ म्हणून मान्यता मिळाली. १८ मार्च हा त्यांचा स्मृतिदिन आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात प्रौढांसाठी टप्प्याटप्प्याने दीक्षार्थी-शिक्षण पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला. बिशपांच्या कर्तव्यांविषयीच्या १९६५ च्या आदेशात धर्मशिक्षणावर देखरेख ठेवणे आणि प्रौढ दीक्षार्थींची व्यवस्था पुनरुज्जीवित करणे ही बिशपांची जबाबदारी असल्याचे सांगितले आहे. त्यानुसार १९७२ मध्ये प्रौढांच्या ख्रिस्ती दीक्षेचा नवा विधी प्रसिद्ध झाला. नावनोंदणी, उपवासकाळातील तयारी, विश्वासांगीकार सुपूर्द करणे व तो म्हणून दाखवणे, ईस्टरच्या रात्रीचा बाप्तिस्मा आणि त्यानंतरचा गूढार्थबोधाचा काळ हे त्यातील टप्पे चौथ्या शतकातील परंपरेवर आधारलेले आहेत. त्या परंपरेचे तपशीलवार ज्ञान आजच्या अभ्यासकांना ज्या ग्रंथांतून मिळाले, त्यांत सिरिल यांची प्रवचने प्रमुख आहेत.